आठशे सत्तर

"एक गोळी जरी चुकली असंल तर जीभ झडू दे माझी," यल्लव्वा म्हणाली आणि तिनं खिडकीवर पिशवी उपडी केली. गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या होत्या. धुतलेल्या, झाकणं घट्ट लावलेल्या. सहा महिन्यांच्या.

खिडकीच्या आत कृष्णात बसला होता. या कानडी शहरात, शिवाजीनगरातल्या या प्रयोगशाळेत नऊ वर्षं कंत्राटावर रक्त तपासणारा निपाणीचा माणूस. रांगेत मराठी ऐकू आली की एरवी त्याला बरं वाटायचं.

यल्लव्वा खानापूरची. याच शहरात कोरमंगलाच्या एका पीजी हॉस्टेलात चपात्या लाटायची. नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना तिला देऊन गेला. चार वर्षं तिच्या कागदावर एकच ओळ येत होती: विषाणू आढळला नाही. त्या ओळीच्या जोरावर भावजय पवित्रानं तिला घरात ठेवलं होतं, आपलं बाळ तिच्या मांडीवर देत होती. मांडीवर घेतल्यानं हा रोग होत नाही, हे शंभरदा सांगून झालं होतं. माणसांना डॉक्टरचं सांगणं नको असतं, शिक्का हवा असतो.

या वेळी कागदावर विषाणूंचा आकडा आला. आठशे सत्तर.

"आत त्या गोळ्या देणाऱ्या बाई म्हणाल्या, गोळ्या चुकवतीस आणि खोटं बोलतीस. तीन महिन्यांनी परत ये. तवर काय करू, अण्णा? पवित्रा बाळाला हात लावू देत न्हाई. ताट वेगळं केलंय माझं."

कृष्णातनं नमुन्याची तारीख पाहिली. शनिवार होता.

त्या नळीत जेलचा थर असतो. यंत्रात फिरवली की थराखाली रक्तपेशी, वर पिवळं पाणी. ते पाणी दुसऱ्या नळीत काढायचं आणि मगच गोठवायचं. तशीच गोठवली तर पेशींत दडलेला विषाणूचा अंश वर येतो, आणि औषध नीट घेणाऱ्याच्या नावावरही आकडा चढतो. कृष्णातला हे पाठ होतं. पण शनिवारी तो एकटा, नळ्या बेचाळीस, आणि निपाणीची बस गाठायची होती. त्यानं अख्खा रॅक उचलून फ्रीझरमध्ये ठेवला. सगळेच ठेवतात.

तो तडक साहेबांकडे गेला. जयतीर्थ याच शहरात वाढलेले, घरात मराठी बोलणारे.

"सर, शनिवारच्या नळ्या मी तशाच गोठवल्या. आकडे खोटे आहेत."

"स्वल्प हळू बोल. आकडा वर-खाली होतोच. तिप्पटपर्यंत आपण फरकच मानत नाही."

"शून्याची तिप्पट किती होते, सर?"

जयतीर्थांनी चष्मा काढला. "तिचं एकटीचं रक्त परत घे. बेचाळीस रिपोर्ट मागे बोलावले तर कुलूप लागेल इथं. आणि त्या दिवसाच्या नोंदीवर सही तुझी आहे. सरी?"

"सरी," कृष्णात म्हणाला. होकाराच्या या एका कानडी शब्दात त्यानं एक्केचाळीस माणसं गाडली.

यल्लव्वाचं रक्त त्यानं स्वतः काढलं, पाणी वेगळं केलं, वेळ लिहिली. तिसऱ्या दिवशी निकाल आला: आढळला नाही. त्यानं तिला मागच्या खोलीत बसवून चहा दिला.

"मग मागचं काय होतं?"

"आमची चूक. माझी."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तरी. मग म्हणाली, "पवित्राला फोन लावा. तुमच्या तोंडानं सांगा."

त्यानं सगळं सांगितलं. स्पीकरवरून बाळाचं रडणं येत होतं.

"अण्णा, एकदा आहे म्हणता, एकदा नाही म्हणता," पवित्रा म्हणाली. "उद्या परत आहे म्हणाल. कुठला कागद धरू मी? माझं पोर आहे ओ." आणि फोन बंद झाला.

"तिचं तरी काय चुकलं," यल्लव्वा म्हणाली. तिनं कागद चार घड्या करून कनवटीला लावला. उठली, बेसिनवर चहाचा ग्लास साबणानं घासला, विसळला, परत घासला. ट्रेमध्ये बाकीचे ग्लास पालथे होते. तिनं आपला तिथं ठेवला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर, कोपऱ्यात, एकटा पालथा घातला.

"ह्यो माझा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला देऊ नका."