आवळलेल्या मुठीतली नखी

मी मेंडोलिन बोलते आहे. आवाज कापरा वाटल्यास क्षमा असावी. मी या क्षणी दुरुस्तीच्या टेबलावर आहे.

माझी पाठ भोपळ्यासारखी गोल, आणि पुढची फळी इतकी पातळ, की मला घडवणारा कारागीर तिच्यावर टिचकी मारतानाही श्वास रोखून धरी. त्या पातळपणातच माझा आवाज आहे, आणि माझे भयही.

पस्तीस वर्षे मी एका संगीतशिक्षकांकडे काढली. मास्तरांची शिस्त कडक. नखी, म्हणजे तार छेडण्याची लहानशी चकती, अलगद धरावी, जराशी तिरपी. मनगट सैल असावे. आणि आघात फळीवरच्या गोल छिद्राच्या कडेशी व्हावा. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीजवळ छेडले, की सूर कोरडा व बोचरा होतो. "तारेला हाक मारायची, दटावायचं नाही," असे ते म्हणत.

मास्तर गेले आणि मी त्यांच्या लेकीच्या मांडीवर आले.

ती गुणी आहे, परंतु भित्री. वाद्यवृंदात आपल्याला जागा मिळाली ती केवळ वडिलांच्या पुण्याईने, असे तिला वाटते. आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही या धास्तीने तिने जाड नखी घेतली, मूठ आवळली आणि हात सरकत सरकत घोडीशी नेला. मी किंचाळू लागले.

"वहिनी, वाजवताय की कढई खरवडताय?" नणंदेने दारातूनच विचारले.

वृंदप्रमुखांनी आठ दिवसांत सुधारणा दाखवा, नाहीतर जागा सोडा, असे बजावले. दोष हाताचा असेल हे तिच्या मनातही आले नाही. लाकूड म्हातारे झाले असे ठरवून ती मला येथे घेऊन आली.

"पोट उघडून फळी आतून तासा," ती म्हणाली.

"तासलेलं लाकूड परत जोडता येत नाही, ताई. आहे तो आवाजही जाईल एखादवेळी."

"आहे तो कुठे ऐकवतोय?"

माझ्या आठही तारा गार पडल्या. दुरुस्तीकाराने सुरी काढून ठेवली.

मात्र त्याचा एक नेम आहे: स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय तो कोणतेही वाद्य उघडत नाही. आज त्याच्या तर्जनीला पट्टी होती; नखी धरवेना. म्हणून त्याने छिद्राच्या कडेशी नुसता अंगठा फिरवला, पेराच्या मऊ भागाने, सावकाश. मास्तरांच्या नखीहून सौम्य, पण त्याच कुळातला गोल सूर निघाला.

ती दचकली. "बाबांच्या हातून असाच यायचा."

"मग फळीला काय धाड भरलीय? घ्या, आता तुम्ही वाजवा."

तिने वाजवले. पुन्हा तोच पत्रा खणाणला.

"बघा! मला नाहीच जमत. उघडा तुम्ही."

"आणखी एकदा. घोडी सोडा. हात वर घ्या... अजून वर."

हात वर सरकतो आहे. छिद्राच्या कडेशी आलाही. पण मूठ अजून आवळलेलीच आहे. बोटांची पेरे पांढरी पडलेली मला दिसतात. मुली, मी सुरीला भिते आणि तू लोकांना. दोघींपैकी एकीने तरी आता भिणे सोडले पाहिजे, आणि मला तर हात नाहीत. तेवढे मनगट सैल कर.