फाळक्यावरची थाप

भूषणच्या घराची गल्ली म्हणजे गाडीवाल्याची परीक्षाच. अड्याळच्या बाजारातून आत वळलं की ती अशी निमुळती होत जाते, की शेवटच्या घरापाशी पिकअप वळवणं तर सोडाच, तिचं दारसुद्धा पुरतं उघडत नाही. आणि शेवटचं घर भूषणचंच. म्हणून रोज संध्याकाळी तो उलट्या चालीनं गाडी आत घ्यायचा, आणि रोज संध्याकाळी त्याची माय सुमित्राबाई हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभी राहायची.

ती उभी कुठे राहायची, हेही सांगितलं पाहिजे. गाडीच्या ऐन मागे कधीच नाही. "गाडीच्या मांगं उभा राहाते तो मरते," हा तिचा साधा हिशेब. ती राहायची बाजूला, शेवग्याच्या झाडाला टेकून, भूषणला आरशात दिसेल अशी. मग सुरू व्हायचं, "येऊ दे... येऊ दे... डावीकडं दबव थोडी... येऊ दे..." आणि भिंत वीतभर उरली की, "बस!" पण नुसतं बस म्हणून तिचं समाधान होत नसे. बाजूनं हात लांबवून मागच्या फाळक्यावर ती एक सणसणीत थाप मारायची. इतक्या वर्षांत त्या जागचा रंग उडून खालचं लोखंड दिसायला लागलं होतं. थाप पडली की भूषण ब्रेक घट्ट दाबून किल्ली फिरवायचा. त्याआधी इंजिन कधी बंद झालं नाही.

त्या वर्षी धानाचा हंगाम चांगला गेला. पोत्यांच्या खेपा इतक्या झाल्या की भूषणला हौस सुचली. गाडीतला जुना टेप घशात खाकरा अडकल्यासारखा वाजायचा. तो काढून टचस्क्रीन बसवायचं ठरलं.

वरठीला फाटकाजवळ मोनूचं दुकान होतं. गाड्यांना टेप लावणं हे मोनूचं अर्धं काम, आणि लावलेल्या टेपांचे व्हिडिओ मोबाइलवर टाकणं हे उरलेलं अर्धं. त्यानं डॅशबोर्डचं तोंड उघडलं, आतून शेवयांसारख्या वायरी बाहेर ओढल्या, जुन्या टेपच्या जागेभोवती प्लास्टिक कापून नवा चौकोन बसवला. नऊ इंची काळा आरसाच जणू. मग खाली वाकून त्यानं नंबरप्लेटच्या वर सुपारीएवढा कॅमेरा लावला आणि त्याची वायर मागच्या पांढऱ्या दिव्याला जोडली.

"रिव्हर्स टाकला का पडदा आपोआप मांगचं दाखवते, दादा. मांगं काही जवळ आलं का पीं-पीं करते. पहिल्यात टाकली का बंद. मान वळवाचं कामच नाही."

"आवाज येते का मांगचा?"

"कॅमेऱ्याले कुठं आवाज राहाते! नुसतं दिसते." मोनू हसला. "महिनाभर वापरून पाहा. मंग या, आपला व्हिडिओ बनवू. कसं वाटलं ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

"सांगतो ना," भूषण म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं मायला कौतुकानं गाडीत बसवलं आणि गिअर टाकून दाखवला. पडद्यावर गल्ली आली, शेवगा आला, दारातल्या तिच्या चपला आल्या. सुमित्राबाईनं पदरानं पडदा पुसून पाहिला.

"चांगलं आहे रे," ती म्हणाली. "मंग आता माह्यं काय काम?"

"आता तू आराम कर, माय."

ती हसली, तोही हसला. माणूस एखादी वस्तू आणतो आणि दुसऱ्याला सुख दिलं असं धरून चालतो. त्याला ते पाहिजे होतं का, हे विचारायचं राहूनच जातं. पुढचे काही दिवस गाडीचा आवाज आला की सुमित्राबाई सवयीनं दारात यायची, हात अर्धा वर करायची. गाडी पीं-पीं करत आपली आपण आत आलेली पाहायची आणि हात खाली घेऊन परत जायची. हे रेणूनं पाहिलं, भूषणच्या बायकोनं. भूषणनं नाही पाहिलं. त्याचे डोळे पडद्यावर होते, आणि माय तर नेहमीसारखी बाजूला उभी. कॅमेऱ्यात ती यायचीच नाही.

पौषात तिला ताप आला. साधाच वाटला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, पण तिथून ती घरी आली ती चादरीखालीच.

राख विसर्जनाला सगळे पवनीच्या घाटावर गेले. मधुकरराव, भूषणचे मामा, पाण्याकडे पाहून बोलले, "पहिले राख सोडली का वैनगंगा घेऊन जाये. आता गोसीच्या धरनानं पानी थांबवून ठेवलं. सोडलं ते इथंच घुटमळते." मग त्यांनी सगळ्यांना दटावलं, "आता निंगा. मांगं वळून कोनी पाहाचं नाही. पाहिलं का गेलेलं मानूस आपल्या मांगं येते."

सगळे खाली माना घालून वर गेले आणि मामांच्या गाडीतून निघाले. भूषणनंही मान वळवली नाही. पिकअपमध्ये बसला, किल्ली फिरवली. जागा अडचणीची होती. गाडी थोडी मागे घेतल्याशिवाय वळणार नव्हती. त्यानं रिव्हर्स टाकला.

पडदा उजळला. मान न वळवता अख्खी नदी त्याच्या समोर येऊन उभी राहिली. आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर माय होती.

डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. त्याच हिरव्या लुगड्यात, ज्यात तिला नेलं होतं. हात उचलून ती खुणावत होती, येऊ दे, येऊ दे.

भूषणनं घाईघाईनं पहिला गिअर टाकला. पडदा काळा झाला. घरी येईपर्यंत तो मारुतीचं नाव घेत होता. पण गल्लीत गाडी आत घ्यायचीच होती. रिव्हर्स टाकला, तर शेवग्यापुढे माय उभी. येऊ दे, येऊ दे.

या वेळी तो घाबरला नाही. त्याला रडू आलं. स्टेअरिंगवर डोकं ठेवून तो पोटभर रडला आणि मग हळूहळू, तिच्या हाताकडे पाहत, त्यानं गाडी आत घेतली.

त्यानंतर भूषणला वेडच लागलं म्हणा ना. रिव्हर्स टाकायला तो निमित्तं शोधायचा. बाजारात सरळ जागा असली तरी उलटी गाडी लावायचा. आरशात पाहणं त्यानं सोडलंच होतं. रोज सकाळी दुपट्ट्यानं तो सुपारीएवढा कॅमेरा पुसायचा, जसा कोणी देव पुसावा. माय कुठेही असायची. धानाच्या गिरणीत, पेट्रोल पंपावर, अड्याळच्या आठवडी बाजारात. तो मान वळवायचा नाही. वळवली तर तिथे कोणी नसेल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. माय आता बाजूला उभी राहत नव्हती. ती ऐन मध्ये असायची, दोन्ही चाकांच्या मधोमध. मग तो स्वतःचीच समजूत घालायचा, मेलेल्या माणसाला आता चाकाची काय भीती? दुसरी गोष्ट, तिचं तोंड दिसायचं नाही. पदर पुढे आणि मान खाली. एकदा तोंड दिसावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. "आता माह्यं काय काम" असं ती म्हणाली होती, त्याला धड उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुझ्याशिवाय गाडी घरात येत नाही माय, एवढंच सांगायचं होतं, आणि ते तिच्या तोंडाकडे पाहून.

"तुम्ही गाडीत काय पाहात बसता हो इतका वेळ?" रेणू विचारायची. "जेवन थंडं होऊन राहिलं."

"आलो," तो म्हणायचा, आणि यायचा नाही.

उन्हाळा लागला. धरणाचं पाणी मागे सरलं, तशी मासळीची खेप सुरू झाली. नत्थू ढिवराचं गाव पाण्यात गेलेलं. सरकारनं त्याला वर माळावर घर दिलं, पण तो जाळं टाकायला यायचा तो आपल्या जुन्या गावाच्याच रस्त्यावर. तो डांबरी रस्ता उतरत येतो आणि न थांबता तसाच पाण्यात शिरतो, जणू खाली अजून कोणी राहत असावं. तिथे गाडी उलटी उतरवायची, मासळीच्या पेट्या भरायच्या आणि निघायचं, असा रिवाज.

टळटळीत दुपार होती. नत्थू दूर डोंग्यापाशी जाळं झटकत होता. भूषणनं गाडी वळवली, रिव्हर्स टाकला. पडद्यावर उन्हानं पांढरं झालेलं पाणी आलं. पाण्याच्या काठावर, रस्त्याच्या मधोमध, माय.

येऊ दे, येऊ दे.

भूषण उतारावरून खाली निघाला. नेहमी थांबायचा ती जागा आली. माय हात हलवतच होती. तो अजून थोडा गेला, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यानं पाहिलं, की ती मागे सरकते आहे. पाणी तिच्या घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. पाणी हललं नाही, लुगडं भिजलं नाही. गाडी पीं-पीं करत होती, मग तो आवाज अखंड झाला, आणि भूषण मायच्याच आवाजात पुटपुटत होता, "येऊ दे... येऊ दे..." मागची चाकं पाण्यात गेली. पडद्याच्या खालच्या काठावर पाणी चढायला लागलं. मागून गाडी हलकी वाटू लागली, डोंग्यासारखी.

पडद्यातल्या बाईनं हळूहळू मान वर करायला सुरुवात केली. पदर डोक्यावरून सरकू लागला. भूषण पुढे वाकला. आता दिसणार होतं तोंड.

धाड!

फाळक्यावर थाप पडली. सणसणीत, तळहाताची, त्याच जागी.

भूषणला विचार करावा लागला नाही. त्या थापेला त्याचा पाय इतकी वर्षं उत्तर देत आला होता. तो आपला आपण ब्रेकवर गेला. गाडी हिसका देऊन थांबली. त्यानं पडद्याकडे पाहिलं. पडद्यात हात अजून हलतच होता. ये, ये. फाळक्याजवळ कोणाचाही हात नव्हता. असणार कसा? माय तर नेहमी बाजूला उभी राहायची, कॅमेऱ्यात न येणारी.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या मायनं आयुष्यात कोणाला 'येऊ दे' म्हटलं आणि 'बस' म्हणायचं विसरली, असं एकदाही झालं नव्हतं. इतके महिने ही बाई नुसती बोलावत होती. एकदाही थांब म्हणाली नव्हती.

त्यानं डोळे मिटले आणि चाचपडत पहिला गिअर टाकला. चाकं गाळात फिरली, घसरली, मग डांबर पकडून गाडी वर आली.

नत्थू ओरडत धावत आला. "अबे, पागल झाला का? मांगं जुना नाला आहे, दोन पुरुस खोल! मी बोंबलून राहिलो, तुले आयकू येत नाही?" मग तो धापा टाकत फाळक्याकडे पाहू लागला. "आन हे थाप कोनं मारली बे? डोंग्यापावतर आवाज आला."

"मायनं," भूषण म्हणाला, आणि रस्त्यात मटकन खाली बसला.

तिथून तो सरळ वरठीला गेला. मोनूनं त्याला पाहताच मोबाइल काढला. "या दादा! तुमचा व्हिडिओ राहूनच गेला. बोला, कसा वाटला सेट?"

"आवाज चांगला आहे. नकाशाही चांगला. कॅमेरा काढून टाक."

"काहून? दिसत नाही का?"

"दिसते. लय दिसते."

"थांबा, चेक करतो." भूषण नको म्हणायच्या आत मोनू गाडीत चढला आणि त्यानं गिअर टाकला. भूषण बाहेर, पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. गाडीच्या मागे दुकानाची पत्र्याची भिंत होती, हातभर अंतरावर. बाकी काही नव्हतं.

"एकदम क्लिअर तं आहे," मोनू आतून म्हणाला. "फक्त त्या बाईले बाजूले व्हा म्हना, दादा. मांगं मधातच उभी आहे. काहून हात करून राहिली ते? आन तिचं तोंड..."

"पहिला टाक," भूषण म्हणाला. "मोन्या, पाहू नोको. पहिला टाक!"

पडदा बंद झाला. मोनू उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. त्यानं हातात पक्कड घेतली. खाली वाकून वायर कापली, कॅमेरा काढला आणि हातोडीनं त्याचा भुगा केला. व्हिडिओचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही.

अंधार पडायच्या आत भूषण गल्लीच्या तोंडाशी पोचला. रिव्हर्स टाकला. पडदा काळाच राहिला. मान बाहेर काढून तो अंदाजानं गाडी मागे घेऊ लागला आणि दोनदा भिंतीला घासला. आवाज ऐकून रेणू बाहेर आली. तिनं क्षणभर पाहिलं आणि जाऊन शेवग्याच्या झाडाशी उभी राहिली.

"येऊ द्या," ती म्हणाली. आवाज बारीक, सवय नसलेला. "येऊ द्या... थोडी दबवा... येऊ द्या... बस!"

भूषण थांबला. ब्रेकवर पाय ठेवून तो वाट पाहत राहिला. इंजिन चालू होतं. शेवग्याची पानं हलत होती. फाळक्यावर काहीच वाजलं नाही. आज दुपारी माय आली होती ती शेवटचीच, आणि आता ती खरंच गेली आहे, हे त्याला कळलं. घाटावरून आल्यापासून पहिल्यांदाच कळलं.

रेणू खिडकीपाशी आली. "बस म्हटलं ना मी. उतरा ना."

"फाळक्यावर एक थाप मार," तो म्हणाला.

"काहून?"

"मार, रेणू."

ती मागे गेली. तिनं रंग उडालेली जागा पाहिली, कणकेचा हात लुगड्याला पुसला आणि थाप मारली.

भूषणनं किल्ली फिरवली.