वर चढणारी खुंटी

आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर सूपचा डबा आडवा ठेवला, की तो आपला आपण गडगडत शेगडीखाली जातो. हे मी व्हर्नला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, किती वेळा दाखवलं त्याला सुमार नाही. तो दर वेळी वाकून डबा उचलतो, कपाटात ठेवतो आणि म्हणतो, "घर म्हातारं झालंय, लोरेटा. तू आणि मी तरी कुठे सरळ उभे राहतो?" की झालं, त्याच्यापुरता विषय संपला.

माझा संपत नव्हता. मागचा दरवाजा दर हिवाळ्यात अडकायचा आणि व्हर्न रंधा घेऊन तो तासत बसायचा. पावसाने लाकूड फुगतं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. वॉशिंग्टन राज्याच्या या पश्चिम कोपऱ्यात पावसाला दोष दिला की समोरच्याचं तोंडच बंद होतं. पण मग ऑगस्टात, गवताच्या काड्या झालेल्या असताना, तोच दरवाजा का अडकावा? माझा संशय घरामागच्या टेकडीवर होता. टेकडी सरकतेय आणि आपल्याला घेऊन निघालीय, असं मी म्हटलं की व्हर्न रंधा उचलून दाराकडे वळायचा. हे घर त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने लाकडाच्या गिरणीतल्या सुट्ट्यांमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेलं. भाऊ आता नाही. त्यामुळे घराला नाव ठेवणं म्हणजे त्या भावालाच नाव ठेवणं, असं त्याला वाटायचं.

मला मात्र एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासताना मध्येच हात थांबायचा आणि मी खिडकीतून टेकडीकडे बघत राहायचे, जशी काही ती आत्ता पाऊल टाकणार आहे. शाळेच्या कँटीनमधून निवृत्त झाल्यापासून करायला दुसरं काही नव्हतंच. शेवटी मी तिरीमिरीत उठले आणि गावच्या कॉलेजात भूविज्ञानाच्या पहिल्या वर्गात नाव घालून आले. व्हर्न म्हणाला, "पासष्टाव्या वर्षी दगड शिकणार?" मी म्हटलं, "तुझ्याबरोबर राहून सवय झालीय."

शिकवायला कॉर्विन प्रुइट नावाचा तिशीतला मुलगा होता. हडकुळा, सदा चिखलाच्या बुटांत, आणि बोलायच्या आधी दगड जिभेला लावून बघणारा. चिकणमातीचा खडक जिभेला चिकटतो, म्हणे. त्याच्या वर्गाचा एक कायदा होता. बाहेर गेल्यावर पहिला अर्धा तास फक्त काय दिसतंय ते बोलायचं. जो कुणी 'कारण' म्हणेल त्याने पुढच्या तासाला सगळ्यांसाठी डोनट आणायचे. माझ्या शेजारी मार्लिस बसायची. तिने जन्मभर शाळेची बस चालवली होती आणि तिच्या जिभेला ब्रेक नव्हता. पहिल्याच दिवशी कॉर्विनने बुंध्याशी वाकलेली झाडं दाखवून काय दिसतंय विचारलं, आणि मी म्हटलं, "झाडं वाकलीत, कारण टेकडी सरकतेय."

"मला चॉकलेटचे," मार्लिस म्हणाली.

"बर्फाच्या भारानेही झाडं वाकतात," कॉर्विन म्हणाला. "लोरेटाबाई, तुम्ही उत्तर घरून घेऊन आलात. इथे आधी प्रश्न लागतो."

असा राग आला! पण त्याच रागाच्या भरात मी म्हटलं, "मग चला माझ्या टेकडीवर. मोजा." आणि आश्चर्य म्हणजे त्याने खरंच सत्रभराचं काम म्हणून आमची टेकडी घेतली.

टेकडीच्या मधोमध एक प्रचंड खडक आहे, गॅरेजएवढा. गावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर नावं कोरत आलीत. कॉर्विनने त्यावर हातोडी मारली, खणखणीत आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा जागचा कातळ. हा हलायचा नाही, तेव्हा सगळं याच्यापासून मोजायचं." खडकात एक बोल्ट ठोकला. मग त्या बोल्टपासून खाली आमच्या कुंपणापर्यंत रांगेने नारिंगी खुंट्या मारल्या, आणि एक खुंटी वर, माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी. प्रत्येकीचं खडकापासूनचं अंतर टेपने मोजून ठेवलं. टेकडी सरकत असेल तर खालच्या खुंट्या खडकापासून लांब जातील, सरकत नसेल तर अंतर तेवढंच राहील. इतकं सोपं, की माझ्या व्हर्नलाही कळावं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, आम्ही पुन्हा मोजलं. मधल्या काळात पाऊस नुसता कोसळला होता. चिखलात घसरत, टेप पुसत, एकेक आकडा वाचला. खालच्या सगळ्या खुंट्या होत्या तिथेच. केसभरही फरक नाही. फक्त वरची, टाकीजवळची खुंटी खडकापासून चार बोटं लांब गेलेली.

"म्हणजे ती टेकडी चढली?" मार्लिस म्हणाली. "मला नाही बाई चढवत."

सगळे हसले. खुंटीपाशी एल्क हरणांच्या खुरांचे ठसे होते. एल्क अंग घासतात, खुंट्या ढकलतात. कॉर्विनने क्षणभर विचार केला आणि तो आकडा बाजूला काढला. फळ्यावर निकाल लिहिला, टेकडी हलत नाही. वर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि माझ्याकडे बघितलं, बरी बातमी दिल्यावर बघतात तसं.

मला बरं वाटायला हवं होतं. व्हर्नला तर इतकं बरं वाटलं, की त्याने टर्कीबरोबर स्वतःच्या हाताने क्रॅनबेरीची चटणी केली आणि जेवणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की कॉलेजने आमचं घर पास केलंय. मी हो हो म्हणत होते आणि टेबलाखाली माझा पाय थांबत नव्हता. दरवाजा अजून अडकत होता. डबा अजून गडगडत होता. आणि ती खुंटी! जमीन काही वर चढत नाही. मग सगळ्या शहाण्यासारख्या उभ्या असताना ती एकटीच का वेड्यासारखी वागली?

दुसऱ्या दिवशी व्हर्न उरलेली टर्की खात होता तेव्हा मी बूट चढवले आणि सरळ टाकीपाशी गेले. एल्कने ढकललेली खुंटी तिरकी व्हायला हवी. बुडाशी माती उकरलेली हवी. ही ताठ उभी होती. बुडाशी शेवाळ धरलेलं, माती घट्ट. मी तिला दोन्ही हातांनी हलवून बघितलं, ती हलेना. मी तिथेच ओल्या गवतात बसले. तिला कुणी हात लावलेला नव्हता. मग चार बोटं अंतर वाढलं कसं? मी खाली खडकाकडे बघितलं. खुंटी वर गेली नसेल, तर खडक खाली गेला. आणि खडकाबरोबर खालच्या सगळ्या खुंट्या, आमचं कुंपण, आमचं घर. सगळं एकाच बसमध्ये बसलेलं. बसमधल्या माणसाने शेजारच्याकडे बघितलं तर तो हललेला थोडाच दिसणार?

कॉर्विनला मी हे त्याच्या खोलीत उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं भांडावं लागेल. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्या खडकाला मी जागचा म्हणालो," तो म्हणाला. "का म्हणालो? मोठा आहे म्हणून. नुसता मोठा आहे म्हणून!"

"मग आता?"

"आता तुमचं खरं धरून चालायचं नाही. खोटं कसं पाडता येईल ते बघायचं. रस्त्यासाठी खाली जो डोंगर कापलाय, तिथे खडकाचे थर कुठल्या बाजूला उतरतात?"

"नदीकडे." सत्रभर त्याने तेच तर घोकून घेतलं होतं. या खोऱ्यात सगळे थर नदीकडे उतरतात.

"खडक जागचा असेल तर त्याचेही थर नदीकडेच उतरायला हवेत. तसे असले तर तुम्ही चुकलात. चला."

आम्ही मार्लिसलाही घेतलं. खडकाची एक बाजू शेवाळाने झाकलेली होती, ती तिने बस धुवायच्या ब्रशने घासली. हळूहळू थर उघडे पडले. कॉर्विनने त्यावर पाणी ओतलं. पाणी थराच्या कडेने वाहिलं आणि नदीकडे नाही, उलट टेकडीच्या पोटाकडे गेलं. वरून सुटलेला तुकडा खाली सरकता सरकता मागे कलंडतो, आरामखुर्चीतल्या माणसासारखा. एवढ्या पिढ्यांनी त्यावर नावं कोरली, पण कुणी बघितलं नव्हतं.

"तुमचं बरोबर होतं," कॉर्विन म्हणाला. मार्लिसने माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मी खडकावर आपटले. मला इतका आनंद झाला, इतका, की घरी पोहोचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही मी काय जिंकलेय ते.

व्हर्न दरवाजा तासत होता. त्याला सांगितलं. तो रंध्यावरून बोट फिरवत राहिला.

"आधी म्हणाले हलत नाही. आता म्हणतात हलतंय. उन्हाळ्यात काय म्हणतील?"

"पुन्हा मोजणार आहेत. या वेळी टाकीपासून. टाकी जागची आहे हे नदीपलीकडच्या पुलाच्या खांबावरून तपासलंय."

"मग मी स्वतः टेप धरीन," व्हर्न म्हणाला. "तुझ्या मास्तरांच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही."

त्याने खरंच धरली. डिसेंबरात टाकीच्या पायाशी नवा बोल्ट मारला. तिथून खडकातल्या बोल्टपर्यंतचं अंतर भरलं एक्याण्णव फूट दोन इंच. व्हर्नने तो आकडा असा पाठ केला, की जेवताना मध्येच म्हणायचा, "एक्याण्णव, दोन." आणि माझं सगळं उलटं झालं. आधी मला कुणी चूक म्हटलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. आता मी दिवसभर स्वतःची चूक शोधत फिरत होते. थंडीने टेप आखडली असेल. पुलाचा खांबच हलला असेल. कॉर्विनला फोन करकरून मी भंडावून सोडलं. तो प्रत्येक वेळी शांतपणे तपासायचा आणि म्हणायचा, "नाही हो, लोरेटाबाई." पावसाची सर आली की मी उठून मागचा दरवाजा उघडून बघायचे. जानेवारीत तो अजिबात उघडेनासा झाला. व्हर्नने तासला नाही. आम्ही पुढच्या दाराने ये-जा करू लागलो.

मार्चमध्ये एका सकाळी आम्ही दोघंच वर गेलो. कॉर्विन दुपारी येणार होता, पण व्हर्नला थांबवेना. तो टाकीपाशी गेला आणि टेपचं टोक बोल्टला लावलं. मी खाली खडकापाशी उभी राहिले. मधे नेचे आणि धुकं, त्याची नुसती लाल टोपी दिसत होती. मी टेप ताणली, पुसली, वाकून वाचलं.

"किती?" वरून आवाज आला.

मी पुन्हा वाचलं. टेप सैल सोडली, ताणली, तिसऱ्यांदा वाचलं.

"लोरेटा! किती गं?"

त्याला वरून आकडा दिसत नव्हता. मी 'दोन' म्हणाले असते तर तो खाली उतरला असता, मला कॉफी करून दिली असती आणि रंधा काढला असता. दुपारी कॉर्विन आल्यावर काय व्हायचं ते झालं असतं, पण तोपर्यंत एक सकाळ त्याला मिळाली असती. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. मग वाटलं, हे त्याला त्या पोराच्या तोंडून का ऐकावं लागावं?

"एक्याण्णव फूट," मी ओरडले. "नऊ इंच."

टाकीतून पाणी गळत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नीट बघितलंस?"

"तीनदा बघितलं, व्हर्न."

"माझं टोक सरकलं असेल. थांब." तो खाली वाकलेला दिसला. टेप एकदा ताठ झाली. "आता वाच."

"नऊच."

बराच वेळ तो तसाच वाकलेला होता. मग तो वरून टेप हातावर गुंडाळू लागला. माझ्या हातातलं टोक सुटलं आणि ओल्या नेच्यांमधून सरसरत त्याच्याकडे निघालं.