बाहेरच्या लेनमधून

"ऊठ आता. पासापुरतं झालंय," गणिताचे सर तिच्या बाकाशी वाकून कुजबुजले. "खाली तुझ्या बाबांनी हॉर्न वाजवून शाळा डोक्यावर घेतलीय."

तिने मान हलवली, पण उठली नाही. गणवेशाच्या आत शर्यतीचा पोशाख सकाळीच चढवलेला असल्यामुळे तिला दुप्पट उकडत होतं. गणिताची फेरपरीक्षा आणि संघनिवडीची चालण्याची शर्यत नेमकी एकाच दिवशी आली होती. पहिल्या दोघींना संघात घेणार होते, आणि त्या दोघींत ती असणार हे मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती.

चालण्याची शर्यत म्हटलं की लोक हसतात. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढचा गुडघा ताठ हवा, त्यामुळे कंबर अशी काही हलते की वर्गाने तिचं नाव 'बदक' ठेवलं होतं. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. पहाटे मैदान, मग शाळा, मग शिकवणी, मग परत मैदान, एवढ्या धबडग्यात रुसायला वेळ कुणाला होता? भूगोल चालता चालता पाठ व्हायचा, इतिहाससुद्धा व्हायचा. घोडं पेंड खायचं ते गणितापाशी. बसल्याशिवाय गणित येत नाही, आणि बसली की तिला झोप येई.

ती गणितात नापास झाली तेव्हा बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. ते शिंपी होते.

"एक ना धड, भाराभर चिंध्या! दोन दगडांवर पाय ठेवून कुणी चालतं का?"

"चालायला दोन पाय लागतातच की, बाबा."

"तोंड बघा कसं चालतंय!" ते म्हणाले. मग रोज संध्याकाळी त्यांनी तिला शिलाई मशीनशेजारी गणितं घेऊन बसवलं. ती पेंगायला लागली की ते मशीन उगाचच जोरात चालवत.

आता समोर शेवटचा प्रश्न होता, भूमितीचा. एरवी 'सिद्ध करा' वाचलं की ती पान उलटून मोकळी व्हायची. आज तिने आकृती काढली आणि पहिली पायरी दिसली. मग दुसरीही दिसली, कुणी न सांगता. तिला इतका आनंद झाला की हॉर्न ऐकूच येईना.

"सर, हे येतंय मला."

"अगं, पण शर्यत?"

"येतंय ते टाकून कशी जाऊ?"

सरांनी खरं तर तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात असं कुणी म्हटलं नव्हतं. ते खिडकीशी गेले आणि खाली बघून 'थांबा' अशी खूण करून आले.

स्कूटर मैदानात शिरली तेव्हा मुली चालायला लागल्याही होत्या.

"नावांचा पुकारा संपला," टेबलावरचा माणूस म्हणाला. "आता नाव घेता येणार नाही."

"अहो, पोरीची परीक्षा होती!" बाबा म्हणाले.

"सगळ्याच पोरींचं काही ना काही असतं, काका."

बाबा तिच्यावरच घसरले. "पासापुरतं झालं होतं म्हणालीस ना? मग कशाला बसलीस?"

"शेवटचं गणित येत होतं, बाबा."

तिचे डोळे भरून आले होते. एवढी सगळी मेहनत पाण्यात गेली होती, आणि दोष द्यायलाही कुणी नव्हतं. तिने बाहीने नाक पुसलं, गणवेश उतरवून बाबांच्या हातात दिला आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.

"आता कुठे निघालीस?"

"चालायला."

"अगं, धरणार नाहीत."

"माहितीये."

तिने टेबलापाशी जाऊन विचारलं, "बाहेरच्या लेनमधून चालले तर?"

"कुणाच्या मध्ये येऊ नकोस म्हणजे झालं."

ती निघाली. तिच्या छातीवर नंबर नव्हता आणि तिच्या फेऱ्या कुणी मोजत नव्हतं. आतल्या मुली एकदा वळून बघायच्या आणि पुढे जायच्या. तिने वेग कमी केला नाही. बाबा कठड्याशी उभे राहून गणवेशाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

लांबच्या वळणावर टोपी घातलेल्या एक वयस्कर पंच बाई मुलींचे पाय बघत उभ्या होत्या. कुणाचा गुडघा वाकला की त्या पिवळी पाटी दाखवून ताकीद देत. त्यांचं काम आतल्या मुलींपुरतं होतं. बाहेरच्या लेनमधली ही मुलगी दमून वळणावर आली आणि तिचा गुडघा किंचित वाकला. बाईंची नजर तिकडे गेली. क्षणभर त्या थांबल्या आणि मग त्यांनी पाटी सरळ तिच्यासमोर धरली.

"अहो बाई, ती शर्यतीत नाहीये!" बाबा कठड्यावरून ओरडले.

बाईंनी पाटी खाली घेतली नाही. मुलीने पाटीकडे बघून मान हलवली, गुडघा ताठ केला आणि वळण घेतलं.