अकबरचा अमेरिकन कोट

कुवेतमधल्या शुऐब्याला अमेरिकन साहेबांच्या कॅम्पात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या अकबरचं हॅरीवर भारी प्रेम. हा हॅरी पुस्तकातला. कुणा साहेबाने फेकून दिलेली, कव्हर फाटलेली कादंबरी त्याच्या खोलीतल्या बदरुद्दीनचाचांच्या हाती लागली होती. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर चाचा ती आपल्या कोकणी बोलीत रंगवून सांगत. जोडे शिवणाऱ्याचा पोर शहरात येतो, बाप जमीनदार असल्याची थाप मारतो आणि बघता बघता बंगला बांधतो. हॅरीने थाप मारली की अकबर मांडीवर थाप मारायचा, "वा रे पठ्ठे!"

कौतुक उगीच नव्हतं. हर्णैच्या रुकय्याचं स्थळ आलं तेव्हा यानेही इस्त्रीला आलेला साहेबाचा सूट चढवून, मोटारीला टेकून फोटो काढला होता आणि गावी धाडला होता. सोबत निरोप, मुलगा ऑफिसर आहे. मुलीकडून होकार आला आणि गडी हवेत तरंगू लागला.

आता रुकय्याचा भाऊ अशरफ नोकरीसाठी कुवेतला उतरला होता आणि आज या खोलीत जेवायला आला होता. अकबर पुन्हा त्याच कोटात. चाचांना आधीच हातापाया पडून गप्प केलेलं.

"तुमचे अब्बा काय करतात?" सुरमईचं सालन ओरपत अशरफने विचारलं.

"गलबतांचा धंदा," अकबर म्हणाला. अब्बा दाभोळला इस्त्री करत. हातातलं कसब त्यांनीच दिलेलं.

जेवण झाल्यावर चाचांच्या उशाशी ती फाटकी कादंबरी बघून अशरफने गोष्टीचा आग्रह धरला. चाचांनी पुढचं प्रकरण घेतलं. हॅरीच्या बंगल्यावर मेजवानी चालू असताना म्हातारा बाप स्वतः शिवलेले जोडे घेऊन दारात येतो. पाहुणे विचारतात, हा कोण? हॅरी म्हणतो, "मोची आहे. मागच्या दाराने पाठवा."

"हरामखोर!" अकबर ओरडत उठला. आणि आपणच आपल्याला शिवी दिल्यासारखा खाली बसला. त्याला अब्बांची भाजलेली बोटं आठवली. लग्न मोडणार हे दिसत असूनही त्याने कोट उतरवला.

"अशरफभाय, कोट साहेबाचा. मी ऑफिसर नाय. मी इस्त्री करतंय, माझे अब्बाही तेच करतात."

अशरफ हसायलाच लागला. "अवो, दाभोळ ते हर्णै किती लांब? तुमच्या अब्बांना कोण वळखत नाय? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतंय काय! आमचे अब्बा नकोच म्हणत होते. पण रुकय्याने फोटो बघितलान. म्हणाली, बाह्या बोटांपर्यंत येतात, म्हणजे कोट मागून आणलेला; पण इस्त्री बघा! हा हात मना पसंत आहे. फक्त त्याने ते आपल्या तोंडाने सांगायला हवं. त्याच्यासाठीच आज आलो."

अकबरला हसावं की रडावं कळेना. चाचांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मग हॅरीचं पुढे सांगू?"

"मरू दे त्याला," अशरफ म्हणाला आणि पिशवीतून चुरगळलेला शर्ट काढला. "उद्या माझा इंटरव्ह्यू आहे, दुल्हाभाय. एवढी इस्त्री मारून द्या."