हलणारं चित्र

"अजून धूसरच दिसतंय," पडद्यावरची नजर न काढता भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनचं बटण आणखी थोडं फिरवलं.

उघड्या छातीत हृदय नुकतंच पुन्हा धडधडू लागलं होतं. त्याची गळकी झडप सर्जननी शिवली होती आणि आता तेच निर्जंतुक पिशवीतला सोनोग्राफीचा प्रोब हृदयावर टेकवून उभे होते. गळती उरली असेल तर आत्ताच दिसायला हवी. छाती मिटल्यावर कळणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. टेबलावरची बाई दोन शाळकरी मुलींची आई होती.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ नवरा-बायको. घरी टीव्हीच्या रिमोटवरून भांडणारी ही माणसं इथे सव्वीस वर्षं एकमेकांना 'सर' आणि 'मॅडम' म्हणत. नातं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं, हा त्यांचा नियम. सगळा विभाग त्यावरून त्यांची चेष्टा करी.

मॅडमनी दिवे मंद करायला लावले. पिशवीतल्या जेलमधला बुडबुडा काढायला लावला. मध्ये हवा राहू नये म्हणून छातीत कोमट सलाइन ओतवलं. चित्र उजळलं, पण झडपेची कड काही एका जागी थांबेना. मशीनला शिव्या घालून झाल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच प्रोब धरलेल्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता, अगदी बारीक.

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जरा हिच्या हातात द्या."

नर्सने कात्र्या मोजण्यात डोकं घातलं. सर्जननी प्रोब शेजारच्या मदतनीस डॉक्टरणीला दिला. चित्र लख्ख झालं. झडप घट्ट मिटत होती, रक्त मागे येत नव्हतं.

"टाके सुरेख पडलेत," मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं, म्हणून तर त्यांना भरून आलं.

छाती मिटायचं कामही सर्जननी मदतनीस डॉक्टरणीलाच सांगितलं.

हात धुवायला दोघंच होते.

"सुई धरली की थरथरत नाही," ते नळाकडे बघत म्हणाले. "नुसतं धरून उभं राहिलं की होतं. दोन महिने झाले."

"मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या. उद्याच. तोवर सुईसुद्धा धरायची नाही."

चष्म्याचा नंबर तपासायला तीन वर्षं टाळाटाळ करणारा हा माणूस. त्या वादाला कंबर कसून उभ्या होत्या.

सर्जननी सावकाश हात पुसले.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.