मनोऱ्याचं मागचं दार

"हे दार?" वहिनीनं विचारलं आणि पदर नाकाला लावला.

बारक्या थबकला. समोर राखाडी पत्र्याचं दार, शेजारी कचऱ्याचे सहा डबे. मनोरा दाखवायचा म्हणून दोन बस बदलून त्यानं आईला, दादाला आणि वहिनीला इथवर आणलं होतं, आणि पाय आपोआप मागच्या बाजूला वळले होते. या मनोऱ्याच्या लिफ्ट तो अकरा वर्षं दुरुस्त करत होता आणि याच दारानं आत शिरत होता. पुढचं दार कुठल्या अंगाला आहे हे कुणी विचारलं असतं तर त्याची पंचाईत झाली असती.

दार उघडून वॉचमन आला. सवयीनं कामगारांची वही पुढे केली, मग मागची तीन माणसं बघून ती परत काखेत घातली आणि हातानं हवेत मोठा वळसा काढून दाखवला.

"ओळखतो की तुला," दादा म्हणाला. "साहेबांना मागून घेतात का इथे?"

"जवळ पडतं."

"कचऱ्याला जवळ पडतं."

आई डबे बघत राहिली.

साहेब हा शब्द बारक्याचा नव्हे. 'लिफ्टच्या कंपनीत आहे' एवढंच तो फोनवर म्हणाला होता, पुढचं घरच्यांनी जोडलं. त्यानं खोडलं नाही, हा मात्र त्याचा गुन्हा. परदेशी राहणाऱ्याला घरची माणसं त्या शहराचा मालक समजतात. सुट्टीच्या दिवशी तो कपडे धुतो आणि मेल्यासारखा झोपतो, हे कुणाच्या गळी उतरत नाही.

आणि ही मंडळी नुसती मजा करायला आली नव्हती. घरी मागच्या बाजूची एक खोली बारक्याची होती, अकरा वर्षं बंद. दादा शिंपी. त्याच्या दोन मशिनी व्हरांड्यात. पाऊस आला की कापड आधी झाकायचं, मग स्वतःला. त्याला ती खोली हवी होती. आई म्हणाली, आधी जाऊन बघते, बारक्याचा तिकडे नीट जम बसला असेल तर घे. हे दादानंच पहिल्या दिवशी चहा पिता पिता सरळ सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून बारक्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. थाट दाखवावा तर खोली जाते. न दाखवावा तर अकरा वर्षं कुठे गेली ते सांगावं लागतं. इथल्या खोलीतल्या दोन सोबत्यांना त्यानं आठ दिवसांसाठी दुसरीकडे पाठवलं, नव्या चादरी घातल्या, घर माझं एकट्याचं म्हणून सांगितलं. आईनं आल्या आल्या विचारलं होतं, "एकट्याला टॉवेलसाठी तीन खिळे कशाला रे?"

वळसा घालून ते पुढून आत गेले. वर काचेपाशी वहिनीचे फोटो सुरू झाले.

"भावजी, ते निळं छप्पर कशाचं?"

"बघतो विचारून."

"आणि तो पूल कुठे जातो?"

"पलीकडे."

दादा खुदकन हसला. बारक्याला स्वतःचीच लाज वाटली. कुठल्या मजल्याचं दार अडकतं, कुठे दोर गुणगुणतो, हे तो डोळे मिटून सांगू शकत होता. पण काम असायचं ते मनोरा उघडायच्या आधी, डोकं लिफ्टच्या बोगद्यात घालून. या काचेतून त्यानं कधी बाहेर पाहिलंच नव्हतं. खालचं शहर त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

"तुझी खोली कुठंय यात?" आईनं विचारलं.

त्यानं ठासून समोर बोट दाखवलं.

"बसमध्ये ऊन तोंडावर येत होतं," दादा म्हणाला. कापड बेतताना बोलायचा तसाच, शांतपणे. "म्हणजे आपण उगवतीकडे आलो. खोली पाठीमागं राहिली. तू उन्हाकडेच दाखवतोयस."

बारक्याचं बोट हवेतच राहिलं.

"अकरा वर्षं राहतोस ना रे इथे?" आईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"राहतो." मग त्याला तेही पटेना. "म्हणजे, कामाला येतो. झोपायला जातो."

आईनं काचेकडे पाठ केली. "घरची खोली राहू दे," ती दादाला म्हणाली.

"आई, मशिनी डोक्यावर घेऊ का मी?"

"घे. हा अजून कुठे पोचलेलाच नाही."

दादाचा चेहरा उतरला. बारक्याचे कान तापले. खोली वाचली होती, मग राग कसला येतोय? आणि कुणाचा? 'घे दादा, तुझीच आहे,' असं म्हणावंसं वाटलं. पण आपल्याला ती खोली हवी आहे हे त्याला त्या क्षणीच कळलं, आणि जास्तच लाज वाटली.

उतरताना लिफ्टमध्ये गर्दी. मध्येच कुठेतरी बारीक खर्र झालं. कुणाला ऐकूही आलं नाही. बारक्यानं माणसं बाजूला सारली, तळवा भिंतीवर टेकला, कान लावला. सगळ्या दिवसात पहिल्यांदाच त्याला आपण कुठे आहोत ते कळलं.

"काय झालं भावजी?" वहिनी घाबरली.

"काही नाही. वंगण कमी पडलंय. सोमवारी बघतो."

दादा त्याच्या हाताकडे बघत होता. नखांत मुरलेलं काळं त्याला आता दिसलं असावं. "माझ्या मशिनीचंही असंच," तो हळूच म्हणाला. "आधी कानालाच कळतं."

या वेळी 'साहेब' म्हणाला नाही.

आई सरकत सरकत पुढे आली आणि बारक्याशेजारी तिनंही भिंतीला कान लावला.

"मला काहीच ऐकू येत नाही रे."

"थांब जरा. येईल."

तळमजला आला. माणसं उतरून पुढच्या दारानं उजेडात गेली, दादा-वहिनीही गेले. आई तशीच उभी होती, डोळे मिटून, भिंतीला कान लावून. लिफ्टचं दार बंद व्हायला आलं, तसं बारक्यानं ते हातानं अडवून धरलं.